गुडघ्याचा घसारा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही उमेळ्याहून आलो आहोत. वसई तालुक्यातले गाव. २०१४ सालापर्यंत जिल्हा ठाणे, आता पालघर. आमच्याकडे पऱ्हाटी नाही आणि ज्वारीही नाही. खाडीच्या अंगाला मिठागरे, आतल्या बाजूला भात, वाड्यांतून भाजीपाला आणि केळी. पावसाचे म्हणाल तर तुमच्यापैकी कित्येकांना सबंध वर्षात मिळतो तेवढा आमच्याकडे एकट्या जुलैत पडून जातो. मग या खाडीवाल्यांनी कोरडवाहूवाल्यांशी काय बोलायचे, असे काल रात्री जेवताना एका काकांनी आम्हाला विचारलेच. विचारले आणि ते हात धुवायला उठले. उठले कसे? आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा हात गुडघ्यावर, मग जरा थांबून "आई गं". आमच्याकडे दिवसभर भात लावून चिखलातून बाहेर येणारी बाई अशीच उठते. आज बोलायचे आहे ते या "आई गं"बद्दल.

उत्पादन खर्च कसा काढतात ते या सभेला शिकवायची गरज नाही. बियाणे, खत, औषध, बैलजोडीचा खर्च, भाड्याची मजुरी, सगळे धरतात. औजारांचा घसाराही धरतात. घरच्या माणसांच्या राबण्याचा काही एक आकडा मांडतात. तो पुरेसा आहे की नाही यावर आपली भांडणे आहेत, पण रकाना तरी आहे. म्हणजे वखर झिजतो, पंप झिजतो, हे सरकारला मान्य आहे. वखरामागे चालणारा माणूस झिजतो, निंदणाऱ्या बाईचा गुडघा झिजतो, त्याला मात्र रकाना नाही. सरकारचे सोडा, आपण घरी हिशेब मांडतो त्यातही नाही. बैल लंगडला तर आपण त्याला जू लावत नाही. घरची बाई लंगडली तर तिला म्हणतो, आज उशीर झाला वाटते.

शेती करण्याने सांधे झिजतात हा आमचा शोध नाही. इंग्लंडमध्ये १९९२ साली डॉक्टरांनी खेड्यापाड्यांतले शेतकरी तपासले आणि त्यांच्या खुब्याची झीज इतर धंद्यांतल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे छापून आणले. पुढे २००५ साली तिथल्या सरकारने दहा वर्षे किंवा अधिक शेतात राबलेल्याच्या खुब्याची झीज हा धंद्यातून होणारा आजार म्हणून यादीत घातला. यादीत नाव आले म्हणजे भत्ता मागता येतो. गंमत अशी की तो भत्ता शेतमजुराला मिळतो, स्वतःच्या शेतात स्वतः राबणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे तिथेही शेतकरी कुंपणाबाहेरच.

आपल्याकडेही कोणी मोजलेच नाही असे नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण आहे. तिथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरले. चार हजारांवर मोठ्या माणसांना विचारले, तपासले. शंभरात अठरा जणांना हाडा-सांध्यांचे दुखणे निघाले. बायकांना अधिक. ज्याला डॉक्टर आमवात म्हणतात, बोटे वाकडी करणारा, तो दोनशे माणसांत जेमतेम एखाद्याला होता. बाकीच्यांत सांध्यांची झीज होती आणि कष्टाने आखडलेले स्नायू होते. गुडघे आणि कंबर ही दुखण्याची मोठी ठिकाणे. हा हिशेब गावाचा आहे, शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा नाही.

आता गुडघ्यात नेमके होते काय ते पाहू. मांडीचे हाड वर, नडगीचे खाली. दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत पांढरी कूर्चा असते. आपण तिला गादी म्हणतो. कोंबडीची तंगडी खाताना हाडाच्या टोकाला जे पांढरे चकचकीत लागते तेच ते. दोन गाद्यांच्या मध्ये थोडासा चिकट द्रव असतो. पुढून वाटी, आणि सगळ्याला धरून ठेवणारे मांडीचे स्नायू. झीज सुरू झाली की गादी खरखरीत होते, भेगाळते, पातळ होते. हाड आपल्या परीने डागडुजी करू पाहते आणि कडेने त्याला टोके फुटतात. सांध्याला सूज येते, कटकट आवाज येतो, जिना उतरताना कळ येते.

इथे सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असते, "वंगण संपले." गाडीच्या आसाचे उदाहरण आपल्याला चटकन सुचते. आस जितका फिरेल तितका झिजेल, म्हणून गाडी सोडून ठेवा. हे उदाहरण गुडघ्याला लागू नाही आणि त्यानेच आपला घात केला आहे. लोखंडाचा आस मेलेला असतो, गादी जिवंत आहे. पण तिला रक्ताची नळी नाही. ती खाते कशी? ओल्या फडक्यासारखी. पाऊल टाकले की दाबली जाते आणि जुने पाणी बाहेर, पाऊल उचलले की नवे पाणी आत. त्या पाण्यातून तिचे पोषण. चालणे थांबले की तिचे जेवण थांबले. आणि पाय वापरला नाही की मांडीचा स्नायू आठवड्या-आठवड्याने बारीक होतो. स्नायू बारीक झाला की पावलाचा धक्का झेलायला कोणी उरत नाही, तो सरळ गादीवर. म्हणजे दुखते म्हणून बसलो, बसलो म्हणून आणखी दुखले.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, घरात चूक करून शिकलो. आमची आई तीस वर्षे वाडीतली भाजी टोपलीत भरून पहाटेच्या लोकलने मुंबईला न्यायची. डोक्यावर टोपली, काखेला पिशवी आणि स्टेशनचा पूल. पन्नाशीला तिचे दोन्ही गुडघे गेले. एका दवाखान्यात तिला गुडघ्यात सुई मिळायची. महिनाभर बरे वाटायचे, पुन्हा सुई. सोबत कागदाच्या पुडीत नाव नसलेल्या गोळ्या. वर्षभरात चेहरा वाटोळा झाला, आम्हाला वाटले तब्येत सुधारली. मग साखर निघाली. या भानगडीत आम्ही भावंडांनी मोठा शहाणपणा केला. आईला सांगितले, आता पुरे झाले कष्ट, खाटेवर बस, पाणीसुद्धा हातात देऊ. आठ महिने आम्ही मोठ्या प्रेमाने तिचे पाय वाळवले. नंतर सरकारी इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या मांडीभोवती टेप लावून दाखवला तेव्हा आम्हाला मान वर करता येईना.

त्या बाईंनी शिकवले तेच आता सांगतो. औषधाच्या दुकानात हे मिळत नाही म्हणून कोणी त्याची जाहिरात करत नाही.

खाटेवर किंवा सतरंजीवर भिंतीला टेकून पाय सरळ करून बसा. गुडघ्याखाली लुगड्याची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे, हाताने चाचपून पाहा. मनात पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. दुसरा प्रकार आडवे पडून. एक पाय गुडघ्यात दुमडलेला, दुसरा सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा, पाच आकडे धरायचा, हळू खाली. आपटायचा नाही. तिसरा, उंच खाटेवर पाय सोडून बसायचे आणि एकेक पाय समोर सरळ करून धरायचा. पंधरा दिवसांनी जमू लागले की घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधा. चौथा सगळ्यात कामाचा: हात न टेकता खाटेवरून उठायचे, पुन्हा हळू बसायचे, दहा वेळा. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा लावून उंच करा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर निम्मे करा, पण बंद करू नका. फरक कळायला सहा-आठ आठवडे लागतात. पेरलेले आठव्या दिवशी कापायला जात नाही, तसेच हे.

बायका आम्हाला सगळीकडे एकच विचारतात: अहो, दिवसभर निंदतो, वेचतो, सरपण आणतो, आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. पण कामात तीच एक हालचाल हजार वेळा होते, ओझे किती असावे ते आपल्या हाती नसते आणि थकल्यावरही थांबता येत नाही. व्यायामात नेमका मांडीचा स्नायू निवडतो आणि वेळेवर थांबतो. काम गुडघ्याकडून काढून घेते, व्यायाम त्याला थोडे परत देतो.

कामाची पद्धतही जिथे बदलता येईल तिथे बदलली पाहिजे. उकिडवे बसण्याने गुडघ्यावर फार दाब येतो. चीनमध्ये बीजिंगच्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी झाली. तिथल्या बायकांचे गुडघे अमेरिकेतल्या बायकांपेक्षा जास्त झिजलेले निघाले आणि तरुणपणी दिवसाचे तासन्‌तास उकिडवे बसण्याशी त्याचा संबंध दिसला. निंदण तर सगळे उकिडवे. एका जागी अर्धा तास झाला की उठून चार पावले चालायची, एवढे तरी करा. ज्या ओळीत सायकल डवरा चालतो तिथे तो चालवा आणि खुरपे फक्त झाडाच्या बुडाशी वापरा. सायकल डवरा आला की तो पुरुषाच्या हातात जातो आणि खुरपे बाईकडेच राहते, हेही आम्ही पाहिले आहे. दूध काढायला बुटके स्टूल घ्या.

कापूस वेचणीत कमरेची ओटी जड होत जाते आणि आपण वाकलेले असतो. मजुरी किलोवर, त्यामुळे ओटी रिकामी करायला जाणे म्हणजे वेळ बुडवणे असे बाईला वाटते. मालकाने गाठोड्याचे फडके धुऱ्यावर न ठेवता ओळींच्या मध्यावर अंथरले तर तिची फेरी निम्मी होते. यात पैसा कुठे जातो? रब्बीची ज्वारी हाताने उपटणाऱ्यांनी कंबरेचा झटका देऊ नये, पाय पुढेमागे ठेवून अंगाच्या वजनाने ओढावी. कडब्याचा मोठा भारा एकदा नेण्यापेक्षा लहान दोनदा न्या. डोक्यावरचा भारा वेगळा आणि अंगाचे वजन वेगळे असे गुडघ्याला कळत नाही, त्याच्या लेखी सगळे वजनच. ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठी अमेरिकेतला २००५ चा एक हिशेब सांगतो: अंगाचे एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो. पण आपल्या सभेत जाड माणसे किती आहेत ते दिसतेच आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

काठीची लाज बाळगू नका. मात्र काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात. आत्ता या मांडवात आम्ही चार काठ्या पाहिल्या, तीन चुकीच्या हातात आहेत. आणि शौचालय. २०१४ नंतर गावोगाव ती बांधली गेली ही चांगली गोष्ट झाली, पण बैठक उकिडवी. म्हातारीला उठता येत नाही म्हणून ती पाणी कमी पिते, जेवण कमी करते, आणि सांगायला लाजते. बाजारात भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मिळते, ती वर ठेवता येते. तेही नको असेल तर भिंतीत एक लोखंडी दांडी बसवा, हाताने धरून उठायला. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

औषधांबद्दल. शेकणे, तेल चोळणे, बरे वाटत असेल तर जरूर करा. गादी परत उगवत नाही, पण आखडलेला स्नायू सैल होतो. दुखऱ्या जागी लावायचे वेदनाशामक मलम उपयोगाचे आहे. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मात्र जपून. रिकाम्या पोटी घेऊन उन्हात वेचणीला जायचे, पाणी प्यायचे नाही, वरून रक्तदाबाची गोळी चालू, अशाने मूत्रपिंडावर येते. महिनोन्‌महिने दुकानदाराकडून घेऊ नका, डॉक्टरला विचारा. पुडीतली नाव नसलेली गोळी कोणीही दिली, डॉक्टरने, वैदूने, बाबाने, तरी घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत जादू होते ती त्याचीच, आणि हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते तीही त्याचीच. गुडघ्यातली सुई जाणत्या डॉक्टरने क्वचित एखाद्या वेळी दिली तर चालते, तिचा गुण काही आठवडे टिकतो. दर महिन्याचा रतीब लावायची ती गोष्ट नाही.

"गादी भरून काढणारी" म्हणून महागडी गोळी विकतात, ग्लुकोसामीनची. अमेरिकेत सरकारी पैशाने पंधराशेवर रोग्यांवर तिची परीक्षा झाली आणि २००६ साली निकाल आला: सगळे मिळून पाहता खोट्या गोळीपेक्षा फारसा फरक नाही. दुर्बिणीने गुडघा धुऊन देतो असेही शहरात सांगतात. त्याचीही परीक्षा झाली आहे. २००२ साली १८० जणांच्या प्रयोगात काहींचा गुडघा खरोखर धुतला आणि काहींना नुसती वरून कातडीला चीर देऊन टाके घातले. दोन वर्षे पाहिले. दोघांचे दुखणे सारखेच. झिजेसाठी गुडघा धुण्यावर जमीन गहाण टाकू नका.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया वेगळी. ती खोटी नाही. गुडघा धनुष्यासारखा वाकला, रात्रीची झोप गेली, घरात चालता येईना, व्यायाम करून झाला, अशा वेळी ती माणसाला पुन्हा उभे करते. बसवलेल्या शंभर सांध्यांपैकी ऐंशीच्या वर पंचवीस वर्षे टिकतात असे परदेशातल्या नोंदी सांगतात. नंतर मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यावर बंधने येतात, ती आधी विचारून घ्या. पैशाचे म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. नेहमी वापरतात तो सांधा त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता, त्याची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये ठरली. हा केवळ सांध्याचा भाव; डॉक्टर, खाट, औषधे वेगळी. म्हणून बिलात सांध्याचा आकडा निराळा लिहून मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो त्याला विचारा, दलालाला विचारू नका. आणि फोटोत झीज दिसली म्हणून लगेच टेबलावर झोपू नका. फोटो भयंकर आणि माणूस तुरुतुरु चालतो असेही असते, उलटही असते. शस्त्रक्रिया माणसाची होते, फोटोची नाही.

प्रत्येक सांधेदुखी झीज नसते, हे मात्र लक्षात ठेवा. २००६ साली चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा गावेच्या गावे वाकून चालत होती. तापानंतरची ती दुखणी महिनोन्‌महिने राहिली. झिजेचा सांधा सकाळी आखडतो तो अर्ध्या तासात मोकळा होतो. तासभर मोकळा होत नसेल, हाताची बोटे दोन्हीकडे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याला वेगळी औषधे आहेत, आणि लवकर सुरू केली तर बोटे वाचतात. सांधा एकाएकी लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, असे झाले तर त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठा. वेचणी राहिली तरी चालेल.

आमच्या आईचे काय झाले ते विचाराल. गुडघे बरे झाले नाहीत, ते होत नसतात. सात-आठ महिन्यांनी ती पुन्हा कठडा धरून पूल चढू लागली. टोपली बंद केली ती कायमची. पूजेला खुर्चीवर बसते आणि देव रागावल्याचे अजून दिसले नाही. व्यायाम चुकला की दोन दिवसांत तिला कळते, आम्हाला सांगावे लागत नाही.

आता या मांडवाच्या मागे दोन खाटा आणि एक सतरंजी टाकली आहे. चारही प्रकार करून दाखवू आणि तुमच्याकडून करून घेऊ. बायकांनी आधी यावे. त्यांना घरी जाऊन चूल पेटवायची आहे, पुरुषांना वेळ आहे. काठी घेऊन आलेल्या चौघांनी काठीसकट यावे. कालचे काका कुठे बसले असतील ते दिसत नाही, त्यांनीही यावे.